पोट चालते का

शनिवार, ११ मे १९५७

आणि त्यानं पोटाला नीट हातसुद्धा लावला नाही! पहाटे कोसमडोहाहून गाडी जुंपली, उन्हानं बैलांच्या तोंडाला फेस आला, गाडीत आमचे हे गुडघे छातीशी घेऊन विव्हळत होते, सावरटोल्याच्या दवाखान्यात मी बाकावर बसून बसून आंबले, आणि त्या नव्या डॉक्टरनं विचारलं किती? तीन गोष्टी. तेही मान खाली घालून. दामले नाव आहे, पुण्याकडचा. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि बोलतो असा जसा शाळेच्या पुस्तकातून वाचून राह्यला.

हे भांडण मी तिथंच करणार होते, पण नीलाबाई नर्सनं दंड धरून बाहेर नेलं. म्हणून इथं लिहिते. प्रौढ वर्गाच्या बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, म्हणजे अक्षर बसेल. माझी शाळा दुसरीपर्यंत. अक्षर बसायचं तेव्हा बसेल, आज राग बसला पाहिजे.

झालं असं. तेंदूपत्त्याचा हंगाम आहे. हे आणि शेजारचा कोलू गोंड, दोघं पत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, पुडे बांधायला जातात. तिकडून आले ते पोट धरूनच. कळ येते, पिळते, जाते. गेली की माणूस चांगला, विडी मागतो. आली की जमिनीवर लोळतो. आणि तेव्हा पोटात असं गुरगुरते की ओसरीवर बसलेल्या माणसाला ऐकू जावं. काल ओकले, सगळं हिरवं.

डॉक्टरनं विचारलं, "काय होतंय?"

हे तोंड उघडत होते. यांचं बोलणं म्हणजे आज सुरू केलं तर उद्या संपायचं. मीच सांगितलं, "पोट दुखून राह्यलं जी."

"उलट्या?"

"झाल्या."

"पोट चालतंय का?"

आता काय म्हणावं! ना ओळख ना पाळख, आणि विचारतो पोट चालते का. आम्ही काय त्याच्या दारी मागायला गेलो होतो? आमची धानाची बांधी आहे, बैलजोडी आहे. पण मला ठाऊक आहे ते काऊन विचारतात. गरीब दिसला की बाटलीत पाणी जास्त घालतात आणि औषध दाखवण्यापुरतं. मी ताठ बसले.

"चालते ना. चांगलं चालते."

"खूप?"

"खूप."

"आजही?"

"आजही चालते आन उद्याही चालन."

त्यानं अशी मान हलवली जसं कोणी गेलं. मग एक लहानशी बाटली दिली. "हे थेंब. दहा थेंब पाण्यातून, दिवसातून तीनदा. पोट शांत होईल."

थेंब! एवढा थोराड माणूस आणि थेंब. चिमणीला पाजायचं आहे का? घरी आल्याबरोबर मी चमच्यानं दिलं.


रविवार, १२ मे

पोट गप्प झालं. कळ नाही, गुरगुर नाही. काल रात्रीपासून हे लाकडासारखे पडून आहेत. दामल्याला मी मनात अर्धं माफ केलं.

सोमारी आली होती, कोलूची बायको. म्हणाली, "दादाचं बरं हाये ना?" मी म्हटलं, बरं आहे, औषध लागू पडलं, तुमच्या मुळ्या उगाळत बसले असते तर अजून लोळत असते. ती हसली आणि गेली. तिच्याशी बोलताना माझी जीभ जरा धारेवरच असते, तिला सवय आहे.

तोंड कोरडं पडलं म्हणतात. मे महिना आहे, माझंही पडते. पाणी दिलं तर ओकून टाकलं. पेजही ओकली. म्हणजे कळेचा काही अंश आत राह्यला असेल, म्हणून संध्याकाळी एक चमचा जास्तीचा दिला.


सोमवार, १३ मे

लटारू गाडी जुंपतो आहे. लटारू म्हणजे माझा दीर. यांचे डोळे. यांच्या डोळ्यांत बुबुळ राहिलं नाही, सगळं काळंच झालं. मला ओळखत नाहीत.


मंगळवार, १४ मे. सावरटोला, दवाखान्याची ओसरी

काल पुढं लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, नाही तर माझ्या डोक्यातून ते जाणार नाही.

काल सकाळी मी चुलीपाशी होते. आत हे कोणाशी बोलत होते. मला वाटलं कोलू आला. जाऊन पाहते तर कोणी नाही. हे खाटेवर उठून बसलेले, चेहरा लालभडक, अंग तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. हवेतून एकेक पान उचलत होते, मांडीवर रचत होते, पुडा बांधत होते. "कोलू, दोरी दे. दोरी दे ना बे." दोरी नाही, पानं नाहीत, कोलू नाही. आणि पोट असं फुगलेलं की कातडी चकाकत होती. मी टिचकी मारली. ढोलासारखं वाजलं. आतून मात्र आवाज नाही.

मी यांचं नाव घेतलं. लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं. मोठ्यानं ओरडले, "देवाजी! अहो देवाजी!" यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी ओळखीचं हसले आणि म्हणाले, "बाई, तुमचे पुडे तिकडे मोजा."

सोमारी धावत आली. डोळे पाहिले आणि मागं सरली.

"याले कोनं धतुरा देल्ला?"

लटारू उसळला. "तुमच्याच घरून आला असन! जंगलात धतुरा कोनाले सापडते?"

"गावाच्या उकिरड्यावर उगवते तो," सोमारी म्हणाली. "आन मी देल्ला असता तं तुले ओळखून सांगतला असता का, रे?"

खरं लिहिते. ती असं म्हणाली तरी मी तिच्या हाताकडे पाहिलं. आदल्या दिवशी मी तिला बोलले होते, तिनं मनात धरलं असेल, असं माझ्या मनात आलं. मग तिनंच यांच्या पाठीला हात देऊन गाडीत चढवलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दामले जेवायला निघाला होता. यांना पाहिलं आणि पिशवी तिथंच टाकली. कानाची नळी पोटावर ठेवली. इथं, तिथं, खाली, बाजूला. ऐकतच राहिला. परवा ज्यानं हात लावला नाही तोच माणूस पोटावर कान लावून बसला होता, जसा भिंतीपलीकडचं ऐकतो आहे.

"काहीच नाही," तो म्हणाला. "आतडं हलतच नाहीये. थेंब किती दिलेत?"

"थेंब कोन मोजत बसन? चमच्यानं देल्लं."

"चमच्यानं!" तो एवढा पांढरा पडला की मलाच वाटलं याला पाणी द्यावं. "बाई, ते धतुऱ्याच्या कुळातलं औषध आहे."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तेव्हा मी त्याच्या टेबलावर हात आपटला. सरकारी दवाखान्यातून धतुरा देता! लेबल लावून, बूच लावून! आम्ही शेजारणीवर आळ घेतला आणि धतुरा तुम्ही देता! नीलाबाईनं पुन्हा माझा दंड धरला. मी तिचा हात झटकला.

तो ओरडला नाही. उलट मला बसायला सांगितलं आणि सांगायला लागला. ते मला जसं समजलं तसं लिहिते.

म्हणाला, हात उचल म्हटलं की हात उचलतो. आतड्याला असं सांगता येत नाही. त्यालाही मांस आहे, ते आवळतं, ढिलं पडतं, तसं करत अन्न पुढं ढकलतं. पण ते तुमचं ऐकत नाही. त्या मांसावर बारीक बारीक जागा असतात. "पंगतीत पाट मांडलेले असतात ना, तशा." शरीराचाच एक रस येतो, त्या पाटावर बसतो, की मांसाला हुकूम मिळतो, आवळ. म्हणून पोट हलतं.

"आमच्याकडे पाट नसते, आम्ही भुईवर बसतो," मी म्हटलं.

"बरं, पत्रावळीसमोरची जागा. आता हे औषध काय करतं? ते आधी येऊन त्या जागेवर बसतं. जेवत नाही आणि उठतही नाही. शरीराचा रस येतो, जागा भरलेली पाहतो, उभाच राहतो. हुकूम मिळत नाही. दहा थेंबांत थोड्याच जागा अडतात, कळ कमी होते. तुम्ही सगळी पंगत अडवलीत."

"मग डोळे काऊन असे? तोंड काऊन कोरडं?"

"तशाच जागा डोळ्यात आहेत. थुंकीच्या गाठीत आहेत. मेंदूत आहेत. सगळीकडे तो जाऊन बसलाय."

मी यांच्याकडे पाहिलं. हे आपले पुडे बांधत होते. एवढी वर्षं या माणसाला मी रांधून घातलं. मला वाटायचं यांच्या घरात, शेतात, खिशात माझ्या हुकमाशिवाय काही हलत नाही. आणि आत असा कारभार, जो माझं ऐकत नाही, यांचंही ऐकत नाही, फक्त जागेवर कोण बसलं तेवढंच पाहतो! माझ्या अंगावर काटा आला. माझ्याही पोटात हेच चाललं असेल, आत्ता, हे लिहिताना.

"मग त्याले उठवा ना तिथून," मी म्हटलं.

"उठवायची सुई आहे. म्हणजे त्याला कोणी ओढून काढत नाही. आपला रस असतो ना, तो जागेवर बसला की लगेच साफसफाईवाले त्याची पत्रावळ उचलून त्याला घालवतात. ही सुई त्या साफसफाईवाल्यांचे हात धरते. मग आपलेच पाहुणे दाटीनं जमतात, आणि तो उपटसुंभ जरा हलला की त्याच्या जागी आपला बसतो. आतडं जागं होतं."

मला हे पटलं. मी म्हटलं, द्या लवकर, पाहून काय राह्यले.

नीलाबाईनं सुई उकळायला ठेवली. त्यानं औषधाची काचेची कुपी फोडली. सुईत भरलं. यांचा दंड पुसला. आणि पुसता पुसता नीलाबाईला म्हणाला, "जुलाबाचा पेशंट, वरून एवढं औषध. चार दिवस सुकला असणार, सलाईनही लावू."

मी म्हटलं, "जुलाब कोनाले?"

"यांना."

"यांले जुलाब नाई जी."

"तुम्हीच सांगितलंत ना, पोट चालतंय. खूप चालतंय म्हणालात."

"चालतेच ना! बांधी आहे, बैल आहेत, मोहाची झाडं आहेत. आमचं पोट काऊन नाई चालन?"

दामल्याच्या हातात सुई तशीच वर. मग त्यानं ती हळूच थाळीत ठेवली आणि स्टुलावर बसला.

नीलाबाई म्हणाली, "डॉक्टर, इकडं हगवणीले हगवणच म्हणतात. पोट चालते म्हणजे खाऊनपिऊन बरं आहे."

"आमच्याकडेही म्हणतात," तो म्हणाला. "दोन्हीला म्हणतात, जुलाबालाही आणि पोट भरण्यालाही. मला माहीत होतं. मला माहीत होतं हो."

माझ्याकडे असं पाहू लागला जसं मी काही सांगावं. मी काय सांगू? त्यानं नीट विचारायचं होतं. पोट चालते का म्हणे! संडासला होते का, असं विचारायला जीभ झडते का यांची? मी बरोबर तेच उत्तर दिलं जे विचारलं होतं. पुन्हा पुन्हा तेच मनात येते आहे, आणि मी पुन्हा पुन्हा हेच उत्तर देते आहे.

मग त्यानं विचारलं, "औषध द्यायच्या आधी यांना शौचाला कधी झालं होतं?"

आता हे बाईमाणसाला कसं ठाऊक असणार? पुरुष अंधारात लोटा घेऊन तलावाकडे जातात. कोणती बायको मागं जाऊन पाहते? ते एकट्या यांनाच ठाऊक. आणि हे हवेत दोरी शोधत होते.

दामल्यानं सांगितलं, दोनच रस्ते आहेत. आधी पोट मोकळं असेल आणि औषधानंच झोपलं असेल, तर सुई बरोबर आहे. पण आत काही अडकलं असेल तर? ती कळ, ते गुरगुरणं म्हणजे आतडं त्या अडकलेल्यावर जोर लावत होतं. मग आता सुई देऊन जोर लावायला लावलं तर आतडं फुटेल. "मी आत्ता देणार होतो," तो म्हणाला. "दंड पुसला होता मी."

भरलेली सुई थाळीत, उत्तर यांच्या तोंडात, आणि तोंड ठिकाणावर नाही.

सुई दिली नाही. सलाईनची बाटली लावली आणि वाट पाहिली. तो आगंतुक आपण होऊन उठतो म्हणे, वेळ लागतो. आज दुपारी यांच्या डोळ्यांतलं काळं लहान झालं, बाजूचा तपकिरी रंग दिसायला लागला. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय करून राह्यली व इथी?" मी तोंडात पदर कोंबला.

आणि मग कळ आली. हे किंचाळले, आणि पोट पुन्हा गुरगुरलं. दामले "वा!" म्हणाला. नीलाबाई हसली. मीही हसले. माणूस वेदनेनं वाकतो आहे आणि त्याच्या भोवती तीन माणसं आनंदानं उभी! असं मी कधी पाहिलं नव्हतं आणि देवानं पुन्हा दाखवू नये.

मी खाटेवर वाकून विचारलं. "खरं सांगा. परसाकडं कधी झालं होतं?"

"फळीवर गेल्यापासून नाई."

"काय नाई?"

"काहीच नाई. वारासुद्धा नाई."

"मग त्या दिवशी डॉक्टरले सांगितलं काऊन नाई?"

"तोंड उघडलं होतं ना," हे म्हणाले. "तू आधी बोलली."

मी गप्प बसले. लटारू म्हणाला, वैनी गप्प बसली, तारीख लिहून ठेवा. त्याला मारायला माझ्या हातात बळ नव्हतं.

पुढचं दामल्यानं एकेक करून काढून घेतलं. फळीवर पत्ता मोजून होईपर्यंत जेवण नाही. भुकेल्या पोटी हे आणि कोलू टेंभरं खात बसत, तेंदूचीच फळं, अर्धी कच्ची, तोंड आवळणारी. दोघांची पैज लागली, जो बी थुंकेल तो हरला. कोलूनं दुसऱ्या दिवशी थुंकलं. हे थुंकले नाहीत. सालीसकट, बियांसकट, रोज.

"मंग जिंकलो ना मी," हे म्हणाले. एवढ्या कळेत!

दामल्यानं सुईतलं औषध मोरीत सोडलं. चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, पोट उघडावं लागेल. पोट उघडणे म्हणजे काय ते मी विचारलं नाही.


बुधवार, १५ मे. चांदा

पत्त्याच्या ठेकेदाराचा ट्रक मिळाला. मागं पोत्यांवर हे आडवे. वैनगंगेच्या पात्रातल्या रेतीत चाकं रुतली, सगळे उतरून ढकलायला लागले, दामले सोडून. तो आला आमच्यासोबत. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पोत्यांवर उभा राहून सलाईनची बाटली डोक्याच्या वर धरून होता, हात बदलत. वाटेत एकदा मला म्हणाला, "रुखमाबाई, मला शिव्या द्या, म्हणजे बरं वाटेल." मी म्हटलं, बाटली धर सरळ.

यांना आत नेलं आहे. मी अंगठा दिला नाही, सही केली. अक्षर वाकडं आलं.


शुक्रवार, १७ मे

जगले आहेत. आधी ते लिहिते.

मोठ्या डॉक्टरांनी पांढऱ्या ताटलीत ते आणून दाखवलं. मी मागितलं नव्हतं. टेंभरांचा काळा गोळा, मोठ्या लिंबाएवढा, बियांनी खडबडीत, दगडासारखा. ठेवला तर ताटलीत ठक्क वाजला. हे माझ्या नवऱ्याच्या पोटातून निघालं! आतडं त्याला ढकलत होतं, रात्रंदिवस, आणि आम्ही त्या ढकलणाऱ्यालाच झोपवलं. सुई दिली असती तर? मोठे डॉक्टर म्हणाले, तर मी तुम्हाला काही दाखवलं नसतं. दामल्यानं ताटलीकडे पाहिलं आणि बाहेर ओसरीत जाऊन उभा राहिला. मी त्याला चहा नेऊन दिला.

पण पोट पुन्हा गप्प आहे. आता औषध नाही, आगंतुक नाही, गोळाही नाही. मग काऊन? मी मोठ्या डॉक्टरांना अडवलं. ते म्हणाले, आतड्याला माणसाचा हात लागला की ते दचकतं. त्याच्या मांसावर दुसऱ्याही जागा असतात, थांब म्हणणाऱ्या. माणूस घाबरला, कापलं गेलं, की शरीर त्या जागा भरून टाकतं. सगळ्यांचंच दोन-तीन दिवस थांबतं, मग आपण होऊन चालू होतं.

म्हणजे माणूस सावध झाला, पाणी मागतो, लटारूशी भांडतो, आणि त्याचं आतडं अजून भीतीनं गार पडलं आहे. त्याला कोण सांगणार की झालं, संपलं, आता भिऊ नको? सांगितलेलं तर ते ऐकत नाही.


शनिवार, १८ मे

नाकातून नळी घातली आहे. त्यातून हिरवं पाणी येतं, बाटलीत जमतं. पोट कालच्यापेक्षा फुगलं. मोठे डॉक्टर सकाळी बराच वेळ कानाची नळी लावून ऐकत होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही.

म्हणाले, जागं करायची सुई इथं आहे, पण टाके कच्चे आहेत, आतडं जोरात आवळलं तर उसवतील. सोमवारी सकाळपर्यंत वाट पाहू. तोवर वारा सरला नाही तर आत पुन्हा कुठं पीळ पडला असेल, पुन्हा उघडावं लागेल. पुन्हा उघडलं नाही तर मग काही सांगता येणार नाही.

हे त्यांनी यांच्या समोरच सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता फाडू देत नाई. जसा आहो तसा घरी ने."

लटारू रडायला लागला. म्हणाला, वैनी, दादाची इच्छा. मी म्हटलं, इच्छा गेली चुलीत. मी यांच्याकडे वळले, पण नर्स आली. रोग्याशी भांडायचं नाही, भांडायचं असेल तर वॉर्डाच्या बाहेर. मी बाहेर आले. दाराच्या काचेतून यांची पाठ दिसते, हाडं मोजून घ्यावी अशी.

मी विचार केला, हे माणूस म्हणून घाबरले आहेत आणि यांचं आतडं आतडं म्हणून घाबरलं आहे. दोघंही भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. आणि मी मधल्या मध्ये. मला वाट पाहता येत नाही. कधीच आली नाही. माझ्या वाट न पाहण्यानं काय झालं ते मला कोणी सांगायला नको. पण आता वाट पाहणे एवढंच काम आहे, आणि माझ्या हाती दुसरं काही नाही.

बोलू देत नाहीत म्हणून लिहिते. लटारू आत जाऊन हे वाचून दाखवेल, एक अक्षर न गाळता.

अहो ऐका. मी तुमच्या वतीनं आता काही बोलणार नाही. डॉक्टरनं विचारलं तरी नाही, देवानं विचारलं तरी नाही. तुम्हीच बोला. पोट हललं, नुसता वारा सरला तरी हाक मारा, लाजू नका, अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं तरी चालेल. नाहीच हललं, तर पुन्हा उघडू देता की नाही ते तुमच्या तोंडून मला ऐकायचं आहे, माझ्याकडे तोंड करून. भिंतीला सांगितलेलं मी मानत नाही. सोमवारी सकाळी मोठे डॉक्टर दारात येतील, त्याच्या आत मला उत्तर पाहिजे. तुम्ही द्या नाही तर तुमच्या पोटानं द्यावं, पण दोघांपैकी एकानं द्या.